नाशिकमध्ये घर-नूतनीकरणाचा अधिकृत ठेकेदार होण्यासाठी: नोंदण्या, परवाने आणि परवानग्यांचा क्रम

घरदुरुस्ती आणि नूतनीकरणाची कामे स्वतःच्या नावावर घ्यायची, असे ठरवलेला गवंडी, मुकादम, आयटीआय झालेला तरुण किंवा पदविकाधारक अभियंता सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे ‘ठेकेदाराचे लायसन’ कुठल्या कार्यालयात मिळते. याचे सरळ उत्तर असे, की खासगी घराचे नूतनीकरण करणाऱ्यासाठी म्हणून महाराष्ट्रात वेगळा असा एकच परवाना नाही. व्यवसायाची नोंदणी एका खात्याकडे होते, कराची दुसऱ्याकडे, वीजकामाचा परवाना तिसरे खाते देते, भिंत पाडण्याची परवानगी चौथ्या दारात मागावी लागते आणि कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी तर कोणी मागितली नाही तरी आपल्यावर असतेच. या सगळ्या कागदांचा योग्य क्रमाने जमवलेला संच म्हणजेच अधिकृत ठेकेदारी.

मी गेली काही वर्षे नाशिकमध्ये हेच काम करतो. सुरुवातीला माझ्याकडे शॉप ॲक्टचा कागद आणि चार कारागीर एवढेच भांडवल होते, आणि तेवढ्यावर मी स्वतःला परवानाधारक समजत होतो. तो गैरसमज मला महागात पडला. म्हणून कोणता कागद कधी काढावा, यापेक्षाही कोणते काम आपल्या अधिकारात येत नाही, हे या लेखात मी अधिक सविस्तर सांगणार आहे.

आधी कामाची हद्द ठरवा

नोंदणीचा पहिला अर्ज भरण्यापूर्वी आपण नेमकी कोणती कामे घेणार, हे वहीत लिहून काढावे. फरशी बदलणे, गिलावा, रंगकाम, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, स्नानगृहाचे वॉटरप्रूफिंग ही अंतर्गत कामे एका बाजूला ठेवावीत. भिंत काढणे, खिडकीच्या जागी दरवाजा करणे, बाल्कनी बंदिस्त करणे, गच्चीवर खोली किंवा पत्र्याची शेड उभारणे ही बांधणीला किंवा बाह्य स्वरूपाला हात लावणारी कामे दुसऱ्या बाजूला येतात. वीज आणि पाण्याच्या जोडणीची कामे तिसरी. पहिल्या प्रकारच्या कामांसाठी व्यवसायाची नोंदणी आणि करविषयक कागद पुरतात. दुसऱ्या प्रकारात तांत्रिक व्यक्तीची सही लागते, आणि तिसऱ्या प्रकारात परवानाधारकाशिवाय हात लावणेच नियमबाह्य ठरते.

याच वेळी आणखी एक गोष्ट ठरवून टाकावी, ती म्हणजे काम ‘लेबर रेट’ने घ्यायचे की ‘विथ मटेरियल’. हा निव्वळ दराचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात जीएसटीची मर्यादा कधी ओलांडली जाईल, भांडवल किती लागेल आणि साहित्यातल्या दोषाची जबाबदारी कोणाची, हे सगळे त्यावरच ठरते.

व्यवसायाची ओळख उभी करणे

एकट्याने सुरुवात करणाऱ्याने एकल मालकी पद्धत स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. मालकाचे पॅन हेच व्यवसायाचे पॅन असते. दोघा मित्रांनी किंवा भावांनी मिळून काम करायचे असेल, तर भागीदारी करारपत्र करून ती संस्था भागीदारी निबंधकाकडे अवश्य नोंदवावी. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेली भागीदारी संस्था करारातून येणे असलेल्या पैशांसाठी त्रयस्थावर दावा लावू शकत नाही. ज्या धंद्यात शेवटच्या बिलाची रक्कम अडकणे ही नेहमीची बाब आहे, त्या धंद्यात हा हक्क गमावणे परवडणारे नाही.

पुढचा कागद उद्यम नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची ही नोंदणी केंद्र सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. शुल्क मागणारी, नावाने सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. अर्ज भरण्याआधी पत्ता नीट पाहून घ्यावा. त्यानंतर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ खालील कागद काढावा. लोक त्याला अजूनही ‘शॉप ॲक्ट’ किंवा ‘गुमास्ता’ म्हणतात. एकट्या मालकाच्या किंवा मोजक्या कामगारांच्या आस्थापनेला पूर्ण नोंदणी प्रमाणपत्राची गरज नसते. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पोचपावती मिळते. ही पोचपावती म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. अमुक पत्त्यावर अमुक व्यवसाय सुरू आहे, एवढेच ती सांगते. मात्र बँकेत चालू खाते उघडताना ती आणि उद्यम प्रमाणपत्र हे दोन कागद उपयोगी पडतात.

चालू खाते पहिल्याच कामापासून वापरावे. ग्राहकाकडून आलेला हप्ता, दुकानदाराला दिलेले पैसे आणि कारागिरांची मजुरी एकाच खात्यातून गेली, की वर्षअखेरीस हिशेब आपोआप उभा राहतो. पुढे कर्ज, ऐपत प्रमाणपत्र किंवा मोठ्या संस्थेच्या कामासाठी उलाढाल दाखवावी लागते, तेव्हा रोखीने केलेली कामे केल्यासारखी दिसतच नाहीत.

व्यवसाय कराची नोंदणी अनेक जण विसरतात. १९७५ च्या राज्य कायद्यानुसार व्यवसाय करणाऱ्याने स्वतःसाठी पीटीईसी नोंदणी घेऊन वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. पगारी नोकर ठेवले आणि त्यांचे वेतन करपात्र मर्यादेत आले, तर त्यांच्या वेतनातून कर कापून भरण्यासाठी पीटीआरसी ही वेगळी नोंदणी लागते. रक्कम लहान आहे, पण थकीत वर्षे साचली की व्याज आणि दंडासह एकदम भरावी लागते.

जीएसटी: मर्यादा नीट समजून घ्या

महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली, की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. इथे नवीन ठेकेदाराची एक चूक ठरलेली असते. तो आपली मजुरी आणि नफा मोजतो आणि उलाढाल ‘सात-आठ लाख’ समजतो. साहित्यासह ठेका घेतला असेल, तर बिलाची संपूर्ण रक्कम ही उलाढाल धरली जाते. गंगापूर रोड किंवा इंदिरानगर भागातल्या दोन बेडरूमच्या सदनिकांची चार-साडेचार लाखांची पाच कामे वर्षभरात झाली, की मर्यादा ओलांडली गेली. मग हातात उरलेले पैसे तीन लाख असोत वा पाच.

साहित्यासह केलेले घराचे काम म्हणजे स्थावर मालमत्तेवरील कार्य कंत्राट, आणि कायद्याने ती सेवा मानली जाते. तिच्यावर १८ टक्के कर आहे. बांधकाम सेवांसाठी बिलावर ९९५४ या गटातला सेवा संकेतांक लिहितात. ‘निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटी नाही’ असे बाजारात सर्रास सांगितले जाते, ते अर्धवट खरे आहे. ती सूट एकट्या स्वतंत्र निवासी घराच्या मूळ बांधकामाच्या निव्वळ मजुरीला आहे. राहत्या घराची दुरुस्ती, फरशी किंवा रंगकाम हे मूळ बांधकाम ठरत नाही. त्यामुळे नूतनीकरण करणाऱ्याने या सुटीवर विसंबून राहू नये.

नोंदणी करताना दोन मार्ग असतात. नियमित मार्गात ग्राहकाकडून १८ टक्के घेऊन, साहित्यावर आपण भरलेला कर वजा करून उरलेला सरकारला भरायचा. उदाहरणार्थ, करापूर्वी १० लाखांचे काम आहे आणि त्यात ६ लाखांचे साहित्य आहे, असे समजू. ग्राहकाकडून १ लाख ८० हजार कर घेतला, साहित्यावर १ लाख ८ हजार आधीच भरलेले आहेत, म्हणून ७२ हजार भरायचे. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने हा हिशेब आता सोपा झाला आहे. दुसरा मार्ग, ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेचा. तिथे एकूण बिलाच्या ६ टक्के आपल्या खिशातून भरायचे, ग्राहकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही आणि साहित्यावरचा कर वजाही मिळत नाही.

कोणता मार्ग बरा, हे साहित्याच्या वाट्यावर अवलंबून असते. वरच्याच उदाहरणात आपला नफा तेवढाच ठेवून कंपोझिशनने बिल करायचे ठरवले, तर ग्राहकाला सुमारे ११ लाख ७९ हजार मोजावे लागतात, आणि नियमित मार्गाने ११ लाख ८० हजार. म्हणजे साहित्य साठ टक्क्यांच्या आसपास असेल, तर दोन्ही मार्ग सारखेच. साहित्याचा वाटा चाळीस टक्के असेल, तर मात्र कंपोझिशनने तेच काम साधारण ११ लाख ४० हजारांत बसते. घरमालकाला भरलेल्या कराची वजावट मिळत नसल्याने हा फरक त्याच्या डोळ्यांत भरतो. मजुरीप्रधान कामे करणाऱ्या लहान ठेकेदाराने म्हणून कंपोझिशनचा विचार आधी करावा. दुकाने, दवाखाने, कार्यालये यांची कामे घेणाऱ्याने नियमित मार्ग धरावा, कारण त्या ग्राहकांना बहुधा कराचे पूर्ण बिल हवे असते. अशा ग्राहकांकडून एकल मालकाच्या बिलातून बहुधा १ टक्का आयकर कापला जातो. तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे वेळोवेळी तपासावे.

वीज, पाणी आणि सांगाडा: जिथे स्वतःची सही चालत नाही

नूतनीकरणात वायरिंग बदलणे जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि याच कामात सर्वाधिक बेफिकिरी दिसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलण्यापलीकडचे कोणतेही विद्युत संचमांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या तारतंत्रीकडेही (वायरमनकडेही) परवाना हवा. वातानुकूलन यंत्रे आणि इंडक्शन शेगडीमुळे मंजूर भार वाढवावा लागतो, तेव्हा महावितरणकडे जोडायचा चाचणी अहवालही असाच परवानाधारक ठेकेदार देतो.

हा परवाना स्वतः काढायचा झाल्यास राज्याच्या ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेकडे अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक आपल्याकडे नेमलेला असणे आणि निरोधन मापक (इन्सुलेशन टेस्टर), अर्थ टेस्टर यांसारखी उपकरणे जवळ असणे ही त्यातली मुख्य अट आहे. नवीन ठेकेदाराने या खर्चात न पडता एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराशी लेखी उपकरार करावा. त्याच्या परवान्याची छायाप्रत आणि वैधतेची तारीख आपल्या फाइलमध्ये ठेवावी, आणि काम झाल्यावर अर्थिंगच्या तसेच इन्सुलेशनच्या चाचणीचा कागद त्याच्या सहीने ग्राहकाला द्यावा. मी हा कागद प्रत्येक घरमालकाला देतो. बहुतेकांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

नळजोडणीचे तसेच आहे. घराच्या आतील पाइप बदलणे आपल्या अधिकारात येते. महापालिकेच्या जलवाहिनीवरून नवी जोडणी घेणे किंवा जोडणीचा आकार बदलणे हे मात्र पाणीपुरवठा विभागाच्या परवानाधारक प्लंबरमार्फतच व्हायला हवे.

तिसरी बाब सांगाड्याची. दुसऱ्या वर्षी इंदिरानगरमधल्या एका जुन्या इमारतीत मी स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत काढायला घेतली. घरमालकांनी ‘ही नंतर घातलेली भिंत आहे’ असे सांगितले आणि मी मंजूर नकाशा न पाहता त्यावर विश्वास ठेवला. दोन ओळी विटा निघाल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी धावत येऊन सांगितले, की त्यांच्या फरशीला चीर गेली आहे. ती भिंत भार वाहणारी होती. त्याच रात्री टेकू लावले, दुसऱ्या दिवशी संरचना अभियंत्याला आणले, त्यांच्या सांगण्यानुसार लोखंडी तुळई घातली, आणि वरच्या घराच्या फरशीसह सगळा खर्च मी भरला. दोष पूर्णपणे माझा होता. तेव्हापासून मंजूर नकाशा आणि संरचना अभियंत्याचे लेखी पत्र हातात आल्याशिवाय मी भिंतीला घण लावू देत नाही, मग ती भिंत चार इंचांची का असेना.

ज्यांच्याकडे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका आहे, त्यांना स्वतःच तांत्रिक व्यक्ती म्हणून परवाना घेण्याचा मार्ग खुला आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक अशा व्यक्तींची पात्रता व अधिकार ठरवून दिलेले आहेत. पदविकाधारकाला अनुभवाच्या अटीवर पर्यवेक्षक म्हणून परवाना मिळू शकतो, आणि ठरावीक आकाराच्या भूखंडापर्यंतच त्याची सही चालते. अर्ज महापालिकेच्या नगररचना विभागाकडे करायचा असतो. वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या कायद्याखाली वास्तुकला परिषदेकडे होते. ही पात्रता असणाऱ्याने हा परवाना जरूर घ्यावा, कारण मग परवानगीचा अर्ज आणि काम या दोन्ही बाबी एका हाती राहतात. पण संरचना अभियंत्याची जागा पर्यवेक्षकाने घेऊ नये.

कामगार: सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित जबाबदारी

‘माझ्याकडे कायमचे कोणी नाही, नाक्यावरून बिगारी आणतो’ असे म्हणणारा ठेकेदारही कायद्याच्या नजरेत मालकच असतो. घोडीवरून, म्हणजे उंचावर काम करण्याच्या स्टँडवरून पडणे, ग्राइंडरने हात कापणे, ओल्या जागेत विजेचा धक्का बसणे हे नूतनीकरणातले नेहमीचे अपघात आहेत. काम करताना कामगार मृत्यू पावला किंवा अपंग झाला, तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि त्यासाठी कामगारांची संख्या किती, हे पाहिले जात नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून चालत आलेले सूत्र पाहिले, की आकडा डोळ्यांसमोर येतो. मासिक वेतन १५,००० रुपये धरले आणि कामगाराचे वय २५ असेल, तर मृत्यूची भरपाई वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले २१६.९१, म्हणजे सुमारे १६ लाख २७ हजार रुपये होते. वर्षभराच्या सगळ्या कामांतला नफा एवढा नसतो.

म्हणून पहिले काम हातात घेण्याआधी कामगार नुकसानभरपाईची विमा पॉलिसी काढावी. ती कामगारांच्या संख्येवर आणि अंदाजे मजुरीवर घेता येते आणि सर्वसाधारण विमा कंपन्या ती देतात. सोबत ग्राहकाच्या व शेजाऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्रयस्थ दायित्वाचे संरक्षण घ्यावे. माझ्या मते उद्यम, शॉप ॲक्ट आणि जीएसटी यांच्या आधीही कोणी हा एकच कागद काढला, तर तो ठेकेदार म्हणवून घेण्यास अधिक पात्र आहे.

संख्येनुसार लागू होणाऱ्या बाबी अशा आहेत. कर्मचारी राज्य विमा योजना दहा कामगारांपासून, २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू होते. भविष्य निर्वाह निधी वीसपासून. कंत्राटी कामगारांचा परवाना महाराष्ट्रात पन्नास कामगारांपासून लागतो, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांमध्येही तोच आकडा आहे. घरकामाच्या लहान ठेकेदाराचा तिथपर्यंत संबंध येत नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर घेतला जाणारा एक टक्का उपकरही व्यक्तीच्या स्वतःच्या निवासाच्या कामाला एका मर्यादेपर्यंत लागू होत नाही. १९९६ च्या कायद्यात ही मर्यादा १० लाखांची होती, श्रमसंहितेत ती ५० लाखांची आहे.

आपल्या कारागिरांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून देणे हे ठेकेदाराने आपले कर्तव्य मानावे. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला ही नोंदणी मिळते. मुलांच्या शिक्षणापासून अपघाती साहाय्यापर्यंतच्या योजना तिच्यावर अवलंबून असतात. ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र आपणच द्यायचे असते, आणि ते खरे असावे यासाठी रोजची हजेरीवही लागते. हजेरी, दिलेली मजुरी आणि उचल या तीन रकान्यांची साधी वही रोज संध्याकाळी भरून कामगाराची सही किंवा अंगठा घ्यावा. दर वर्षी मार्चमध्ये गवंडी गावाकडे परततात, तेव्हा उचलीचा हिशेब याच वहीवर वादाविना मिटतो.

प्रत्येक घराची परवानगी वेगळी

व्यवसायाच्या नोंदण्या एकदाच होतात. कामाची परवानगी दर घरी नव्याने पाहावी लागते. पहिला प्रश्न हद्दीचा. नाशिक महापालिकेचे पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, नाशिकरोड आणि सातपूर असे सहा विभाग आहेत, आणि मुख्यालय शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात आहे. देवळाली कॅम्पमधले घर मात्र कटक मंडळाच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या) अखत्यारीत येते, आणि शहराबाहेरच्या गावांतले बरेचसे बांधकाम नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जाते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या यंत्रणा असू शकतात. म्हणून मालमत्ता कराची पावती आधी मागावी. ती कोणाच्या नावाने निघाली आहे, यावरून हद्द लगेच कळते.

दुसरा प्रश्न परवानगी लागते की नाही, हा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये इमारतीच्या केवळ अंतर्भागापुरत्या किंवा बाह्य स्वरूपात मोठा फरक न पाडणाऱ्या देखभाल, सुधारणा व फेरफारांना विकास परवानगीतून वगळले आहे. फरशी, गिलावा, रंग, ओटा, फर्निचर ही कामे त्यामुळे मोकळेपणाने करता येतात. मजला वाढवणे, बाल्कनी खोलीत घेणे, सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत बांधणे हे मात्र विकासकाम ठरते. परवानगीविना ते केले, तर त्याच कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई होऊ शकते आणि कलम ५३ ची पाडकामाची नोटीस येते. नोटीस घरमालकाच्या नावे येते, पण केलेले काम वाया जाते ते आपले, आणि बिलही तिथेच अडकते.

नाशिकमध्ये तीन ठिकाणी विशेष जपावे. सिडकोने वसवलेल्या योजनांमधल्या छोट्या घरांवर कुटुंब वाढेल तसे मजले चढत गेले आहेत. तळाच्या भिंती त्या वजनासाठी बांधल्या होत्या का, हे तपासल्याशिवाय आणखी एक स्लॅब टाकू नये, ग्राहक कितीही आग्रह करो. जुन्या नाशिकमधले माती-विटांचे आणि लाकडी खणांचे वाडे ही दुसरी जागा. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस असलेल्या घरात केवळ रंगगिलाव्याचे काम घेणे म्हणजे धोका झाकणे होय. तिथे सिमेंटचा कडक गिलावा मातीच्या भिंतीवर चढवू नये, कारण आतली ओल कोंडली जाते आणि भिंत आतूनच ढिसूळ होते. तिसरी जागा गोदाकाठ. निळ्या पूररेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि निळ्या व लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेदरम्यान अटी लागू होतात. सप्टेंबर २००८ चा महापूर पाहिलेल्या माणसाला या रेषांचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर उपविधींनुसार सभासदाने समितीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय सदनिकेत भर किंवा फेरफार करता येत नाहीत. अर्ज सभासदाच्या नावाने जातो. पण सोबतचे कामाचे वर्णन, रेखाटन, कामगारांची यादी, विम्याची प्रत आणि राडारोडा हलवण्याची व्यवस्था आपण तयार करून द्यावी. पूर्ण कागद पाहून समितीचा विरोध निम्म्याने कमी होतो, हा माझा अनुभव आहे. कामाचे तास संस्थेच्या नियमांप्रमाणेच ठेवावेत. राडारोडा गोण्यांत भरून महापालिकेने ठरवलेल्या जागीच न्यावा. नासर्डी किंवा वालदेवीच्या काठी तो रिकामा करणारा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, आणि त्या नद्यांची आजची अवस्था अशाच स्वस्ताईतून झालेली आहे.

इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर घरमालकाला आणखी एक सूचना द्यावी. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार या काळातल्या बांधणीच्या दोषांची दुरुस्ती विकासकाने विनामूल्य करायची असते. आपण स्नानगृहाची फरशी उखडली, की गळतीचे खापर आपल्यावर फोडले जाते. आधी विकासकाकडे लेखी तक्रार करायला सांगावे आणि काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत.

अंदाजपत्रक आणि करार

‘एवढ्या स्क्वेअर फुटाला एवढे’ असे एका ओळीचे अंदाजपत्रक देऊ नये. प्रत्येक बाबीचे माप, दर, साहित्याची कंपनी आणि प्रत, कामात काय धरलेले नाही आणि जादा कामाचा दर कसा ठरेल, हे सगळे लिहावे. करार मुद्रांकावर करावा. दहा लाखांपर्यंतच्या कामाच्या कराराला ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो, त्यापुढे रकमेनुसार शुल्क वाढते. हप्ते टप्प्यांना बांधावेत: तोडफोड व पाइपलाइन झाल्यावर इतके, वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी झाल्यावर इतके, फरशी पूर्ण झाल्यावर इतके. चाचणीच्या वेळी घरमालक, शक्य असल्यास खालच्या मजल्यावरचे शेजारीही, हजर ठेवून त्यांची सही घ्यावी.

घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवा आहे, आणि मोबदला घेऊन केलेल्या घरदुरुस्तीतल्या त्रुटीबद्दलही ग्राहकाला जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही. मोजमापाची वही, बदलांवरच्या सह्या आणि छायाचित्रे उपयोगी पडतात.

सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महापालिका यांची कामे पुढे घ्यायची असतील, तरच त्या यंत्रणांकडील ठेकेदार वर्गवारीत नोंदणी करावी. तिला ऐपत प्रमाणपत्र, पूर्वी केलेल्या कामांचे दाखले आणि आयकर विवरणपत्रे लागतात, आणि बेरोजगार अभियंत्यांसाठी वेगळी तरतूद आहे. खासगी घरांसाठी ही नोंदणी आवश्यक नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांकडे पाहून अनेकांना तिचे आकर्षण वाटेल, पण सरकारी बिल निघेपर्यंत कामगारांची मजुरी कशी द्यायची, याची तजवीज असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

माझ्या कार्यालयात एका भिंतीवर वर्षाचा तक्ता लावलेला आहे. त्यात व्यवसाय कर, जीएसटी विवरणपत्रे, विम्याचे नूतनीकरण आणि विद्युत ठेकेदाराच्या परवान्याची वैधता यांच्या तारखा लाल शाईत लिहिलेल्या असतात. प्रत्येक घरासाठी एक वेगळी फाइल असते. तिच्यात मंजूर नकाशा, संस्थेची परवानगी, करार, हजेरी, चाचण्या आणि शेवटची पावती या क्रमाने कागद लागलेले असतात, आणि हातात घ्यायच्या नव्या कामाची रिकामी फाइल तोडफोड सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच तयार ठेवली जाते.